हरलं की अंगण वाकडं?

आडवाट:
कटाच्या कहाण्यांवर विश्वास बसणं हा अकलेपेक्षा खुर्चीचा प्रश्न आहे, असं माझं मत. आपला पडला की यंत्रात गडबड, त्यांचा पडला की जनतेचा कौल. अमेरिकेत बघा. २००४ मध्ये बुश जिंकले तेव्हा ओहायोतल्या मतदान यंत्रांवर डेमोक्रॅट समर्थकांना संशय. २०२० मध्ये ट्रम्प हरले, तीच तक्रार रिपब्लिकनांच्या तोंडी. २०२४ मध्ये फिरून डेमोक्रॅटांकडे, म्हणे स्टारलिंकने (इलॉन मस्क यांची उपग्रह इंटरनेट सेवा) मतं फिरवली!

उलटतपासणी:
‘दोघेही सारखेच’ म्हणणं फार सोयीचं असतं हो. २००४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार केरींनी दुसऱ्याच दिवशी हार मानली. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या हॅरिस यांनीही. २०२० मध्ये साठावर खटले झाले, जवळपास सगळे आपटले, फेटाळणाऱ्यांत खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीश होते. तरी माघार नाही, आणि ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेत घुसला. कुजबुज दोन्हीकडे असेल, भोंगा एकाच बाजूला होता.

आडवाट:
भोंग्याचं मान्य. पण कान कोणाचे?

झाकली मूठ:
कट म्हटलं की लगेच हसू नका. जून १९७२, वॉशिंग्टनमधली वॉटरगेट इमारत, डेमोक्रॅट पक्षाचं मुख्यालय तिथेच. पहारेकऱ्याला दाराच्या खिटीवर चिकटपट्टी दिसली. त्याने काढून टाकली. पुढच्या फेरीला येतो तर पुन्हा लावलेली! मग पोलीस आले, मुख्यालयात घुसलेले पाच जण सापडले. एवढं होऊनही नोव्हेंबरात रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. तेव्हा ‘वरपर्यंत धागा जातो’ म्हणणारा वेडाच ठरला असता.

उलटतपासणी:
पण तो धागा कोणीतरी ओढला ना? पत्रकार, न्यायालय, शेवटी निक्सन यांच्याच कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती. आता दुसरं टोक बघा. डिसेंबर २०१६, वॉशिंग्टनमधलं एक पिझ्झा रेस्टॉरंट. तळघरात मुलं डांबलीत, डेमोक्रॅट नेते सामील आहेत, अशी आवई. एक जण रायफल घेऊन सोडवायला गेला, गोळ्याही झाडल्या. (नशिबाने कोणाला लागल्या नाहीत.) मुलं राहू द्या, त्या जागेला तळघरच नव्हतं.

झाकली मूठ:
म्हणजे पुरावा आला की माणूस शहाणा होतो, असं तुमचं म्हणणं?

उलटतपासणी:
निदान व्हायला हवा.

आडवाट:
इथेच माझा मुद्दा येतो. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. त्याच्या काही दिवस आधीच्या गॅलप जनमत चाचणीतही २४ टक्के लोकांची त्यांना पसंती होती. चौकशी झाली होती, ध्वनिफिती द्याच, असा सर्वोच्च न्यायालयाचा ८-० निकाल आला होता. पक्षप्रेम खोटा कट खरा मानायला लावतं, हे सगळेच बोलतात. खरा कट समोर असूनही दिसू देत नाही, त्याचं काय? उलटतपासणी, ते २४ टक्के तुम्ही कुठल्या खात्यात टाकणार?

उलटतपासणी:
भोंग्याच्या. पण थांबा, निक्सन यांचे आकडे परत बघून येतो.