मदत हवी आहे: गोळा केलेल्या खेळण्यांत देवाधर्माची खेळणी घ्यावीत का?

नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत आम्ही काही मराठी कुटुंबं नाताळात गरजू मुलांसाठी खेळणी गोळा करतो. यंदा एका काकूंनी पोट दाबलं की हनुमान चालिसा म्हणणारे मऊ मारुती दिलेत, अगदी कोरे, प्रेमाने आणलेले. पण खेळणं कोणत्या धर्माच्या घरी जाईल, हे आम्हाला कळत नाही. २००६ मध्ये ‘टॉइज फॉर टॉट्स’ या गरजू मुलांना खेळणी वाटणाऱ्या अमेरिकी उपक्रमाने बायबलमधली वचनं बोलणाऱ्या ४,००० येशूच्या बाहुल्या याच कारणाने आधी नाकारल्या, मग टीका झाल्यावर घेतल्या. मला वाटतं, नाकारू नयेत. जिथे आईवडील स्वतः खेळणी निवडतात तिथेच द्यावीत. अशी सोय न्यू जर्सीत कुठे आहे का? आणि काकूंना न दुखावता हे कसं सांगावं?