ओझरहून एटीआर कंपन्या सारख्या बदलत का राहतात?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या ओझर विमानतळाहून प्रोपेलरचं विमान म्हटलं की आधी ट्रूजेट, अलायन्स एअर, आणि २०२३ पासून इंडिगो. विमान तेच, एटीआर ७२. शेपटीवरचा रंग तेवढा बदलतो. विमानातच खोट आहे की धंद्यात? सध्या देशात हे विमान कोणाकोणाकडे आहे? आणि तिकीट काढताना जेट आहे की एटीआर हे कसं ओळखायचं? आई-वडिलांना पाठवायचं आहे, वडिलांना उकाडा सहन होत नाही. एटीआरमध्ये जमिनीवर असताना फार उकडतं असं ऐकलंय, ते खरं का?

सह्याद्री_पंखा

खोट विमानात नाही. एटीआर ७२-६०० ताशी साधारण ६५० ते ७०० किलो इंधन पितं, ए३२० जेट त्याच्या तिपटीहून जास्त. पाऊण-एक तासाच्या उड्डाणात जेटचा वेग कामाला येत नाही. अर्धा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय आपल्याकडे नियमही या विमानाच्या बाजूचे आहेत. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानाला लँडिंग चार्ज नाही, आणि ४०,००० किलोच्या आतल्या विमानाच्या इंधनावर विक्रीकरही कमी लागतो. एटीआरचं कमाल वजन २३,००० किलोच्या आसपास. इंडिगोने ७८ आसनं कोंबली ती उगाच नाहीत.

अडचण आहे ती उडानच्या, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेच्या हिशेबात. त्या मार्गावर निम्मी आसनं, पण जास्तीत जास्त ४०, ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायची (सुरुवातीला तासाभराला २,५०० रुपये) आणि त्यातली तूट सरकार भरून देणार. ७० आसनांच्या विमानात ही ३५ झाली. पण हे सगळं तीन वर्षांपुरतं. मार्गावरची मक्तेदारीही तेवढीच. तीन वर्षं संपली की पैसाही थांबतो आणि दुसरा कोणीही त्याच मार्गावर येऊ शकतो. त्या मुदतीत प्रवाशांची सवय लागली नसेल तर कंपनी वेळापत्रकातून गाव काढून टाकते. अलायन्सने २०२२ च्या शेवटी नाशिक सोडलं ते या मुदतीच्या तोंडावरच. ट्रूजेटचं प्रकरण निराळं, ती कंपनीच फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली.

उलटा प्रकारही होतो, त्याकडे कोणी बघत नाही. ओझरची धावपट्टी ३,००० मीटरची, कारण ती एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) लढाऊ विमानांसाठी आहे. म्हणजे मार्ग भरू लागला की सरळ ए३२० लावता येतं. दिल्ली आणि बेंगळुरूला ओझरहून जेट लागतं. मार्ग पडला तरी एटीआर जातं, चालला तरी जातं! शिमल्याला तसं नाही. तिथली पट्टी सव्वाबाराशे मीटरच्या आसपास, तिथे जेटचा प्रश्नच येत नाही.

सध्या देशात तीन नावं लक्षात ठेवा. इंडिगोकडे सर्वांत मोठा ताफा; त्यांची एटीआर सेवा २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली. अलायन्स एअर, ७० आसनी; शिमल्यासारख्या ठिकाणी छोटं एटीआर ४२-६०० वापरतात. आणि मार्च २०२४ पासून गोव्याच्या मोपाहून फ्लाय९१. तिचा कोड ‘आयसी’ म्हणजे जुन्या इंडियन एअरलाइन्सचाच, जुन्या लोकांना गंमत वाटेल. जळगावलाही ती जाते.

टिकायला मोठा ताफा लागतो. पाच विमानांच्या कंपनीचं एक इंजिन दुरुस्तीला गेलं आणि दुसऱ्याच्या प्रोपेलरला दगडाने टवका गेला की दोन मार्ग त्याच दिवशी रद्द. चाळीस विमानांच्या कंपनीला ते झाकता येतं.

रॅम्पवरचा

वरचा हिशेब बरोबर आहे. उकाड्याचं मी सांगतो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत.

जेटच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं. जमिनीवर वीज आणि एसी त्यावर चालतो. एटीआरमध्ये वजन वाचवायला ते दिलेलंच नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला ब्रेक आहे. इंजिन चालू, पंखा स्थिर; याला हॉटेल मोड म्हणतात. त्यातून वीज मिळते आणि एसीला हवा मिळते. प्रवासी डावीकडून चढतात, म्हणून उजवं इंजिन.

आता बिघडतं कुठे? वारा मागून आला की इंजिनाची गरम हवा पुढे ढकलली जाते आणि कव्हर तापल्याचा इशारा येतो, मग हॉटेल मोड बंद करावा लागतो. म्हणून शक्यतो नाक वाऱ्याकडे करून उभं करतात. ओझरला मे महिन्यात दुपारी वारा पश्चिमेचा, पण स्टँडची दिशा ठरलेली, तिथे वाऱ्याचं कोण ऐकतं. ब्रेकमध्येच दोष असेल तर जीपीयूची गाडी लागतेच. ती वीज देते, पण थंड हवेसाठी वेगळी एसी गाडी हवी. ती नसेल तर चाळीस अंशात दार उघडं ठेवून बसणं एवढंच उरतं. त्यामुळे उकाडा विमानापेक्षा त्या दिवशीच्या जमिनीवरच्या सोयीवर ठरतो. दुसरं इंजिन सुरू झालं की पाचेक मिनिटांत गारवा येतो. वडिलांसाठी सकाळचं विमान घ्या.

आणखी एक. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामान पुढच्या दाराने आणि मागच्या कप्प्यातही. सगळे एकदम मागे गोळा झाले तर शेपूट खाली बसू शकते. म्हणून मागे टेल प्रॉप नावाचा टेकू लावतात आणि तो काढल्याशिवाय विमान हलवायचं नसतं. रिकामं विमान असेल आणि हवाई सुंदरी ‘तुमच्याच जागेवर बसा’ म्हणाली तर तो कडकपणा नाही. लोड शीटमध्ये केबिनचे भाग पाडून वजन मोजलेलं असतं. उड्डाणापूर्वी तुम्ही चौथ्या रांगेतून अठराव्यात गेलात तर तो कागद खोटा ठरतो.

पावसाळ्याचंही लिहितो. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही, म्हणजे ढगांवरून जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. जून ते सप्टेंबर उशीर होतो तो यामुळेच. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आपल्याकडे साधारण १६ ते १८ हजार फुटांवर, आणि एटीआर तिथेच फिरतं. म्हणून बर्फ हा विषय थंड देशांपुरता नाही. पंखांच्या कडेला दिसणारं काळं रबर फुगून बर्फ फोडतं. अमेरिकेत १९९४ मध्ये रोझलॉनला बर्फामुळेच एटीआर ७२ कोसळलं. त्यानंतर हे रबर रुंद केलं गेलं आणि तिथल्या कंपनीने ही विमानं कॅरिबियनसारख्या उबदार भागाकडे वळवली.

गोदाकाठ

खूप उपयोगी. दादा, जागा कुठली घ्यावी? आणि मालवाहू एटीआर असतं म्हणे. मग आपली द्राक्षं का नाही जात त्यातून?

सह्याद्री_पंखा

जागा मागची घ्या. पंख्यांची रेषा पुढच्या भागात येते, तिथे घरघर आणि थरथर सगळ्यात जास्त. मागे बसलात तर उतरायलाही पहिले. पंख वर असल्याने खालचं दिसतं, तेवढ्यासाठी खिडकी घ्या. वरचे कप्पे लहान आहेत, चाकांची मोठी बॅग विमानापाशीच काढून घेतात. वडिलांची औषधं तिच्यात ठेवू नका.

तिकिटावर इंडिगोचा क्रमांक सात हजारांच्या घरातला असेल तर एटीआर समजा. तपशिलात ‘एटी७’ किंवा ‘एटीआर’ असंही लिहिलेलं असतं. पण विमान ऐनवेळी बदलू शकतं, आदल्या रात्री परत बघा.

मालवाहू आवृत्ती आहे. फेडेक्सने कारखान्यातूनच तशी मागवली, पहिलं डिसेंबर २०२० मध्ये मिळालं. पुढे मोठं दार, आत पाच पॅलेट किंवा सात कंटेनर, भार सुमारे ९ टन. पण ते जवळच्या मोठ्या विमानतळापर्यंत पार्सल पोचवण्यासाठी. नाशिकची द्राक्षं युरोपला रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या कंटेनरमधून जहाजाने जातात आणि एका ४० फुटी कंटेनरमध्येच ९ टनांहून अधिक माल बसतो. किलोमागे भाडं काढून बघा, गणित तिथेच संपतं.