जोखमीच्या बाळंतपणात एनएसटी, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके नोंदवणारी तपासणी, गोव्यात तालुक्यातच मिळायला हवी का?

सत्तरीची सून: माझा चौतिसावा आठवडा होता. बीपी चढलेलं, बाळाची वाढ मागे. आठवड्यातून दोनदा एनएसटी. पट्टा पोटावर २० मिनिटं, त्यासाठी दोन कदंबा बस बदलून अख्खा दिवस जायचा, पायांना ही सूज! सत्तरी, सांगे, काणकोणच्या बायकांनी का धावायचं? मशीन जवळच्या आरोग्य केंद्रात आणा.

निवृत्त सिस्टर, फोंडा: ताई, त्रास कळतो, तरी मला हे पटत नाही. ठोक्यांच्या आलेखाची पट्टी वाचणारं माणूस कुठून आणणार? बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०, आणि २० मिनिटांत निदान दोनदा १५ ने वर चढून १५ सेकंद टिकायला हवेत. बाळ झोपलेलं असलं तर पट्टी सपाट येते. तेव्हा आईला कुशीवर वळवून आणखी २० मिनिटं थांबायचं असतं. न थांबता सिझरला पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात. शिवाय वाढ खुंटलेल्या बाळाचं खरं काय ते नाळेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत कळतं. जोखमीच्या गरोदरपणात डॉप्लरने बाळं वाचतात, हे अभ्यासांत दिसलंय. नुसत्या एनएसटीबद्दल तसं ठाम म्हणता येत नाही.

म्हापसेकर: सिस्टरांशी सहमत. आमच्याकडे सोमवारी पट्टी चांगली आली, बुधवारी बाळ मंदावलं. माझी आई म्हणाली, परवाच तर बघितलंय, गोड खा, फिरेल. बायकोने ऐकलं नाही, दवाखान्यात गेली, म्हणून मुलगी हातात आहे. १ किलो ९०० ग्रॅमची होती. पट्टी त्या वेळेपुरतीच खरी. हालचाल मोजायला शिकवा, त्याला पैसा लागत नाही.

डिचोलीचा वाचक: तेही इतकं सरळ नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये हालचालींबद्दल जागरूक करण्याचा मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. मृतजन्म ठळक कमी झाले नाहीत, कळा आणवणं आणि सिझर मात्र वाढलं.

सत्तरीची सून: म्हणून मोजायचंच नाही? मी रोज दिवेलागणीला डाव्या कुशीवर पडून मोजायचे. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. त्या दिवशी सहाच झाल्या, आणि शेवटची बस गेलेली. शेजाऱ्यांची गाडी मिळाली म्हणून पोचले. सिस्टर, वाचणारं माणूस नसेल तर एका नर्सला शिकवा, पट्टीचा फोटो गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) डॉक्टरांना पाठवा. पण मशीन आणाच.

निवृत्त सिस्टर, फोंडा: शिकवून आणणार असाल तर माझी हरकत नाही. डॉप्लरची फेरी तरीही चुकवू नका. आणि सहावर थांबल्यावर गाडी शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.