तरुणांनी शांत राहायला शिकायचं की भांडायला?

पायवाट

‘शांत राहा, सोडून दे’ हा सल्ला मला लहानपणापासून मिळत आला. माझं सगळ्यात मोठं नुकसानही त्यानेच केलं, म्हणून हा धागा.

वसतिगृहात दोन वर्षं एका मित्रासोबत एकाच खोलीत राहिलो. तो रात्री दोन-अडीचपर्यंत दिवा चालू ठेवायचा. मला झोप यायची नाही. मी भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून पांघरूण घ्यायचो, पण ‘दिवा बंद कर’ हे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. सगळे म्हणायचे, या दोघांचं कधी वाजत नाही. दुसरं वर्ष संपता संपता माझा चार्जर सापडेना, आणि त्या फुटकळ गोष्टीवरून मी असा काही फुटलो की थेट त्याच्या घरच्या गरिबीवर गेलो. तो काही बोलला नाही. उठून त्याने दिवा बंद केला. अंधारात आम्ही दोघंही जागे होतो. याला सहा वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही.

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1960च्या दशकात दोन प्रकारची शांतता सांगितली. हिंसा नाही एवढंच असेल तर ती नकारात्मक शांतता. माणसांमध्ये न्याय आणि सहकार्य असेल तर ती सकारात्मक. त्यांचा विषय समाज आणि राष्ट्रं हा होता, पण आमच्या खोलीत दोन वर्षं पहिलीच नांदत होती. म्हणून माझं म्हणणं, तरुणांना शांतता हवी असेल तर त्यांनी आधी वेळेवर, छोटं, मुद्द्याचं भांडण करायला शिकावं.

कवडसा

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. मी बरीच वर्षं तरुण मुलांचं समुपदेशन करते. ‘मनात ठेवू नका, बोला’ हे त्यांना सगळीकडून सांगितलं जातं. पण डोकं तापलेलं असताना माणूस मुद्द्याचं बोलतो कुठे?

राग बाहेर काढला की शमतो, ही समजूतही तपासून झाली आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2002 मधला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांपुढे आणून पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. शेवटी ठोसे मारणाऱ्यांच्या मनात राग जास्त उरला होता, बसलेल्यांच्या मनात कमी. त्यात आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. मग वीस वर्षांच्या पोराने आधी काय करावं? झोप पुरी करावी, फोन उशापासून लांब ठेवावा, स्वतःचा राग ओळखायला शिकावं. आतला गोंधळ निवळल्याशिवाय बाहेर शांतता कुठून आणणार?

ठिणगी

तुम्ही दोघंही चार भिंतींच्या आत अडकलात. माझं वय तेवीस, पहिलीच नोकरी. वरिष्ठ रोज सगळ्यांसमोर पाणउतारा करायचे. धीर करून तक्रार घेऊन गेले, तर मला ताणमुक्तीच्या वर्गात नाव घालायला सांगितलं. श्वास कसा घ्यायचा ते मी शिकले. पाणउतारा थांबला नाही.

कवडसाताई, तुमचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो नेहमी खालच्यालाच दिला जातो. ओरडणाऱ्याला कुणी झोप पुरी करायला सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 9 डिसेंबर 2015 ला तरुण आणि शांतता यांवर ठराव केला, क्रमांक 2250. त्यात 18 ते 29 वयाच्यांना निर्णयप्रक्रियेत घ्या, वाटाघाटींत त्यांचा आवाज असू द्या, असं म्हटलंय. त्यातलं पहिलं सूत्रच सहभाग आहे. आम्हाला शांत बसवून शांतता येणार नाही, आम्हाला बोलायला जागा द्या.

कवडसा

ठिणगी, तुला त्या वर्गात पाठवणाऱ्यांनी अन्याय केला. तो तुझ्या रागाचा प्रश्नच नव्हता. तरीही एक गोष्ट सांगते.

अमेरिकेत नॅशव्हिल शहरात 1959 च्या सुमारास जेम्स लॉसन नावाचे तरुण धर्मोपदेशक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेत. उपाहारगृहांत गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसायची ती तयारी होती. काही विद्यार्थी खुर्च्यांवर बसत. बाकीचे हल्लेखोर होऊन त्यांना शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. पुन्हा पुन्हा, अंगवळणी पडेपर्यंत. 13 फेब्रुवारी 1960 ला ती मुलं खरोखर जाऊन बसली, आणि 10 मे ला तिथली काही उपाहारगृहं सगळ्यांसाठी खुली झाली. मन ताब्यात ठेवायचं काम त्यांनी आधी केलं होतं, म्हणून ती खुर्चीवर टिकली. मी म्हणते ती आतली तयारी ही.

ठिणगी

ताई, या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम झाली. ती मुलं शांत राहायला शिकली ती तिथे जाऊन बसण्यासाठी. घरी बसण्यासाठी शिकली असती तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं. आणि त्याच लॉसन यांना मार्च 1960 मध्ये त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकलं. इतक्या शांतपणे केलेल्या कामालाही ‘अशांतता’ म्हटलं गेलं. माझा प्रश्न हाच आहे, शांतता कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं?

उंबरठा

आणि घरात मारणारा माणूस असेल तर? मी सतरा वर्षांचा होतो. ना वेळेवर भांडता येत होतं, ना श्वास मोजून काही होणार होतं. मावशीकडे निघून गेलो, तेव्हा कुठे पहिली शांत झोप लागली. अशा घरात अडकलेल्या मुलांना ‘समजून घे’ म्हणू नका. बाहेर पडायची वाट दाखवा, एक भरवशाचं मोठं माणूस शोधून द्या.

पायवाट

उंबरठा, हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं. माझं म्हणणं बरोबरीच्या माणसांपुरतं आहे. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे ते लागू करणं क्रूरपणा होईल. ठिणगीच्या वरिष्ठांनाही ते लागू नाही. तिथे एकटीने भांडण्यापेक्षा सोबतचे दोघं-तिघं घेऊन, तारखा लिहून ठेवून जावं लागतं.

नवखा

मी या सगळ्यांत लहान असेन, वीस पूर्ण. परवाचंच सांगतो. मित्रांनी मला न विचारता सहलीचं सगळं ठरवून टाकलं. रात्री दीड वाजता चौदा ओळींचा मेसेज लिहिला. पाठवणार, तेवढ्यात बॅटरी संपली. सकाळी तो मोठ्याने वाचला आणि माझाच आवाज मला ऐकवेना. जुने हिशोब, टोमणे, एकाच्या मैत्रिणीवरून काहीतरी. चौदा ओळींत खरी ओळ एकच होती: ‘मला न विचारता ठरवलंत याचं वाईट वाटलं.’ तेवढीच पाठवली.

दोघांची उत्तरं चांगली आली, एक अजून रुसलाय. म्हणजे कवडसाताईंची झोपही कामी आली आणि पायवाटदादांचं भांडणही. पण झोपून उठल्यावर ‘जाऊ दे’ म्हणून सगळंच पुसलं असतं, तर माझीही तुमच्यासारखी दोन वर्षं गेली असती, असं वाटतं.

दादा, तुमच्या त्या मित्राचा नंबर आहे का अजून?

पायवाट

आहे. गरिबीवरून बोललो त्याची माफी कशी मागायची हे मनात कितीदा जुळवून झालंय. आज तुझं वाचताना वेगळंच काहीतरी टोचलं. तो इतक्या रात्रीपर्यंत दिवा लावून काय करत होता, हे मी दोन वर्षांत त्याला एकदाही विचारलं नाही. माफी मागून झाली की ते विचारणार आहे.