मदत हवी आहे: व्हाइटनिंगमुळे बहिणीच्या दातांत सणका येतायत, लग्न तोंडावर आलंय

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. चहाने दात पिवळट झालेत म्हणून डेंटिस्टकडे गेलो, त्यांनी दात साफ करून माप घेतलं, पारदर्शक ट्रे बनवून दिले आणि १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल रात्री ट्रेमधे घालून झोपायला सांगितलं. सुरुवातीला काहीच त्रास नाही, रंगही छान उघडला, आणि आता सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरली की खालच्या पुढच्या दातांत अशी सणक जाते की पोरगी बेसिन धरून उभी राहते. कधी कधी तर काही न खाता-पिताच एखाद्या दातात कळ येते आणि लगेच जाते.

डेंटिस्ट बाहेरगावी आहेत, क्लिनिकमधून सांगतात की होतं असं, चालू ठेवा. आई म्हणते इनॅमल गेलं. मावशी लवंगेचं तेल लावायला सांगतेय. आता थांबायचं का, आणि थांबलो तर लग्नात दात अर्धवट रंगाचे दिसतील का? क्लिनिकमधे बसून तासाभरात करतात ते लाइटवालं केलं तर सुटेल का? प्लीज कोणीतरी नीट सांगा, तिचं खाणंच कमी झालंय.

प्रतिसाद १
मी डेंटिस्ट आहे, पण दात न बघता सांगतेय हे धरून चाला. आधी आईंना सांगा, इनॅमल गेलेलं नाही. पेरॉक्साइड इनॅमल आणि त्याखालच्या डेंटिनच्या थरातून झिरपत काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोचतं आणि नस चिडते. जेल थांबवली की बहुतेकांचं काही दिवसांत शांत होतं. म्हणून आत्ता थांबवाच, सणका पूर्ण गेल्या की एकाआड एक रात्र लावा किंवा रात्रभर न ठेवता संध्याकाळी तास-दोन तास. डेंटिस्ट आले की १० टक्केवाली जेल मागा, तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे प्रत्यक्ष दात पांढरे करणारा भाग, साधारण साडेतीन टक्केच सुटतं. क्लिनिकमधल्या जेलमधे तेच ३५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे चिडलेल्या दातांवर ते आत्ता अजिबात नको, लाइट असो वा नसो.

टूथपेस्ट घेताना खोक्यावर पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के लिहिलंय का बघा, नुसतं पुढे सेन्सिटिव्ह छापलेलं बघून घेऊ नका. दोनदा मऊ ब्रशने घासायचं, फेस थुंकायचा आणि लगेच खळखळून चूळ भरायची नाही, औषध दातावर राहू दे. याचा गुण यायला वेळ लागतो, खरं तर व्हाइटनिंगच्या दोन आठवडे आधीपासूनच ही वापरायला हवी. पोटॅशियम नायट्रेटची जेलही मिळते, ती ट्रेमधे १०-३० मिनिटं ठेवली की बऱ्याच जणांना आराम पडतो, तुमच्या डेंटिस्टना विचारा. आणि व्हाइटनिंगची जेल प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढीच, हिरडीवर आली तर लगेच पुसायची. लवंग तेल नको, नुसतं लावलं तर हिरडी भाजते.

एकाच दातात ठणका असेल, गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल तर ते व्हाइटनिंगचं नसेलही, कीड किंवा तडा असू शकतो. मग वाट न बघता दुसऱ्या डेंटिस्टकडे जा.

प्रतिसाद २
मलाही असंच झालेलं, तेव्हा कोमट पाण्यावर काढले दिवस. लिंबू सरबत, कोकम, कोल्ड्रिंक सगळं बंद करा. आंबट खाल्लंच तर लगेच ब्रश करायचा नाही, आधी साध्या पाण्याने चूळ. अजून एक, जेल काढल्या काढल्या दात कोरडे पडल्यामुळे जास्त पांढरे दिसतात, मग थोडा रंग खाली येतो, म्हणून लग्नाच्या दोन आठवडे आधी सगळं उरकलेलं बरं. पुढच्या दातांना कॅप किंवा फिलिंग असेल तर त्याचा रंग बदलत नाही हे लक्षात ठेवा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! जेल आजपासून बंद. कळ कुठल्या एका दातात नाही, आणि गरम चहा ती व्यवस्थित पितेय, म्हणजे हायसं वाटलं. पण तिची पेस्ट बघितली तर चारकोलवाली निघाली, ती राहू दे का तोवर?

प्रतिसाद १
आजच बंद करा. चारकोल खरखरीत असतं, दात घासून काढतं, आणि या दातांना आत्ता तेच नकोय. पोटॅशियम नायट्रेटवाली मिळेपर्यंत साधी फ्लोराइडची पेस्ट चालेल.