मदत हवी आहे: एचटी-२ चे जमिनीवरचे अपघात

१९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, डॉ. वि. मा. घाटगेंनी डिझाइन केलेलं एचटी-२ ट्रेनर (वैमानिकांना शिकवायचं विमान), त्याच्या फक्त जमिनीवरच्या अपघातांची यादी करतोय, म्हणजे टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) धडकणं, ग्राउंड लूप (जमिनीवरच विमान गर्रकन फिरणं) वगैरे. छोटं चाक शेपटीखाली, वजन मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे विमान एकदा वळायला लागलं की वळतच जातं, त्यात नाक वर असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि हे सगळं शिकाऊ पोरांनी सांभाळायचं! नेटवरच्या याद्या, जुने पेपर बघून झाले, तिथे कोसळलेलीच विमानं सापडतात. वैमानिकांची नावं नकोत, तारीख, तळ आणि विमानाचा नंबर पुरे. हवाई दलात किंवा फ्लाइंग क्लबात मेंटेनन्सला होतं का कुणी? पंख घासला, चाक मोडलं तर ते विमानाच्या लॉगबुकातच लिहायचे की वेगळा रिपोर्ट व्हायचा, आणि ते कागद आता कुठे बघायला मिळतील?