पासबुक बघणारं पोरगं चोर की राखणदार?

शहापूरकर: आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या वेबसाइटला इंजिनिअरिंगच्या पोराने भगदाड शोधलं. स्वतःचं खातं उघडलं, वरच्या पत्त्यातला खाते क्रमांक एकाने वाढवला, तर दुसऱ्याचंच पासबुक समोर. ना पासवर्ड, ना ओटीपी! स्क्रीनशॉट घेऊन मॅनेजरकडे गेला, तर "पोलिसात देतो" म्हणे. मी म्हणतो, हा व्हाइट हॅट, म्हणजे भल्यासाठी भगदाडं शोधणारा हॅकर. सत्कार करा त्याचा.

खानापूरचा वकील: सत्कार राहू दे. व्हाइट हॅट मालकाची लेखी परवानगी घेऊन तपासतो, कुठे हात लावायचा तेही आधी ठरतं. याने कुणाला विचारलं? फार तर ग्रे हॅट म्हणा, हेतू बरा पण परवानगी नाही असा. आयटी कायदा 2000 चा आहे, त्यात टोप्या नाहीत. परवानगीशिवाय शिरलं की कलम 43. लबाडीने शिरलं तर 66, म्हणजे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शहापूरकर: मग तुमच्याच कलमाने सुटलं की पोरगं! लबाडी कुठाय त्यात?

निपाणीची ठेवीदार: पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 2018 च्या ऑगस्टमध्ये 94 कोटी गेले, ते चोर परवानगी मागत बसले होते काय? माझी ठेव असल्याच पतसंस्थेत आहे. भगदाड दाखवणाऱ्यालाच धमकी दिली, तर पुढचा गप्प बसेल नाहीतर माहिती विकेल.

टिळकवाडी: मी संगणक सुरक्षेच्याच धंद्यात आहे. एकच विचारतो, किती खाती उघडली?

शहापूरकर: सात-आठ असतील.

टिळकवाडी: तिथंच बिघडलं. पहिल्याच पासबुकात खात्री झाली होती, बाकीची कशाला? कुणाचं कर्ज थकलंय, कुणाची सोनेतारण उचल आहे, सगळं बघून झालं. आईला विचारून तिचंच खातं उघडून बघता आलं असतं. हेतू चांगला असेल हो, पण हेतू काही कायम टिकत नसतो. मार्कस हचिन्स या ब्रिटिश हॅकरने 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा जगभर पसरलेला खंडणीखोर व्हायरस थांबवला, जगाने डोक्यावर घेतलं. ऑगस्टमध्ये अटक, का तर आधी बँकांचे पासवर्ड चोरणारं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, लिहिलेलं. एकाच माणसाच्या दोन टोप्या.

निपाणीची ठेवीदार: म्हणजे मॅनेजर बरोबर?

टिळकवाडी: छे! त्याने त्याच दिवशी साइट बंद करायला हवी होती. ऐकत नसेल तर पोराने सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेला मेल करावा.

शहापूरकर: सांगतो त्याला. स्क्रीनशॉट पुसू दे काय?

खानापूरचा वकील: अजिबात नको, पुरावा नष्ट केला म्हणतील. आणि इथे तर टाकूच नका.